पहिल्या वर्षाला खोली हवी

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि १९ ऑगस्ट २०२१ रोजी ह्या कोळगावात जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक अशी सारी कार्यालये एका आवारात आली. सिडकोच्या हाती सुमारे ४४० हेक्टर जमीन देऊन येथे मुख्यालयाबरोबर एक नवे नगरही वसविण्याचे ठरले. माळरानावर नगर उभे करण्याची संधी प्रशासनाला वारंवार मिळत नाही. रस्ते किती रुंद असावेत, बाजार कोठे असावा, शाळा व दवाखाना कोठे असावा, हे सारे आधी कागदावर आखता येते. ह्या आखणीच्या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून पदवीच्या पहिल्या वर्षासाठी खाली उतरलेला विद्यार्थी रात्री निजणार कोठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण उच्च शिक्षणाच्या अर्थकारणात तो मध्यवर्ती आहे. आपल्याकडे शिक्षणाच्या खर्चाची चर्चा म्हणजे शुल्काची चर्चा, असे समीकरण होऊन बसले आहे. राखीव प्रवर्गांना शुल्कमाफी मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या अन्य प्रवर्गांतील मुलींनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु कला वा वाणिज्य शाखेच्या सामान्य विद्यार्थ्याच्या बाबतीत अनुदानित महाविद्यालयाचे वर्षाचे शुल्क हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग जातो तो राहण्यावर आणि जेवणावर. शुल्क माफ झाले तरी भूक माफ होत नाही आणि रात्रीचे छप्परही फुकट मिळत नाही.

घंटा नसलेले घर

पालघर जिल्ह्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे तीस लाख आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के. वसई तालुक्याची दाट शहरी वस्ती बाजूला ठेवली, तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी ह्या तालुक्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर ह्यांचीच बहुसंख्या आहे. ह्या भागातील पुष्कळ मुले लहानपणापासून आश्रमशाळेत राहून शिकतात. तेव्हा घर सोडून राहणे ही त्यांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हे. शहरी मध्यमवर्गीय मुलगा वसतिगृहात पहिल्या रात्री आईच्या आठवणीने व्याकूळ होतो. आश्रमशाळेतला मुलगा ते दुःख सहाव्या-सातव्या वर्षीच भोगून बसलेला असतो.

मग त्याच्या दृष्टीने नवे काय असते? नवी असते ती घंटेची गैरहजेरी. आश्रमशाळेत उठण्याची घंटा असते, प्रार्थनेची असते, जेवणाची असते, अभ्यासाची असते. दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्या कोणीतरी ठरविलेला असतो. महाविद्यालयीन वसतिगृहात ही घंटा एकाएकी थांबते. तासाला बसले नाही तरी दुपारपर्यंत कोणी विचारीत नाही. अर्ज कोणत्या दिवशी भरावयाचा, कोणत्या दाखल्याची मुदत संपली, उत्पन्नाचा दाखला नवा लागेल की मागील वर्षीचा चालेल, हे आपण होऊन कोणी सांगत नाही. वर्गात इंग्रजी शब्द कानांवरून जातात. घरी वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि आता पुस्तकात इंग्रजी, असे तीन उंबरठे त्याने अठराव्या वर्षापर्यंत ओलांडलेले असतात, आणि तिसऱ्याशी तो ठेचाळतो.

ह्या टप्प्यावर त्याला सावरतो तो प्राध्यापक नव्हे, ग्रंथालयही नव्हे. त्याला सावरते ती शेजारची कॉट. त्या कॉटवरचा विद्यार्थी त्याच्याच तालुक्यातून दोन वर्षे आधी आलेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर कसा भरतात, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे कसे अडकतात, कोणत्या विषयाला कोणाच्या टिपणवह्या चांगल्या, हे ज्ञान कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. ते रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पांतून मिळते. अर्थशास्त्रात ज्याला माहितीचा खर्च म्हणतात, तो वसतिगृह जवळजवळ शून्यावर आणून ठेवते. गावात ज्याच्या आधी कोणी पदवीधर झालेले नाही, त्याला ह्या शून्याचे मोल किती आहे हे पदवीधर आईबापांच्या मुलाला सहजी समजणार नाही. त्याला ही माहिती घरच्या चहाबरोबरच मिळालेली असते.

दिवाळीनंतरची परीक्षा

पहिल्या वर्षातील खरी कसोटी लेखी परीक्षेत नसते. ती दिवाळीच्या सुट्टीत असते. भाताची कापणी आणि झोडणी झाली, की जव्हार-मोखाड्याकडील अनेक कुटुंबे घराला कडी लावून वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. सुट्टीत गावी गेलेल्या मुलापुढे दोन रस्ते असतात: आईबापांबरोबर भट्टीवर जाऊन चार पैसे मिळवावेत, की परत महाविद्यालयात यावे. ज्याची वसतिगृहात कॉट आहे, पेटी आहे, नोंदवहीत नाव आहे, त्याला परतण्यासाठी जागा आहे. ज्याने भाड्याच्या खोलीत चौथा हिस्सा घेतला आहे आणि त्या हिश्श्याचे भाडे थकले आहे, त्याचा परतीचा रस्ता तेवढ्याने अवघड होतो. तो शिक्षण 'सोडतो' असे आपण म्हणतो. खरे तर त्याने काही सोडलेले नसते. नोव्हेंबरात तो फक्त परत आलेला नसतो.

ह्याच्याही आधीची एक अडचण आहे. महाविद्यालये सुरू होतात जूनमध्ये. वसतिगृह-प्रवेशाच्या याद्या मात्र कित्येकदा पुष्कळ उशिरा लागतात. मधल्या काळात नवा विद्यार्थी कोणा गाववाल्याच्या खोलीत, दोन कॉटांच्या मधल्या फरशीवर पथारी टाकतो. वसतिगृहांच्या बोलीत अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द क्रूर आहे; पण तो उच्चारणारा मुलगाच आपल्या ताटातील अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवीत असतो. तुटपुंज्या जागेची ही विद्यार्थ्यांनी आपापसांत केलेली वाटणी आहे. तिला नियमाचा आधार नसतो, म्हणून तपासणी आली की ह्या मुलाला अंथरूण गुंडाळून रात्री बाहेर निघावे लागते. विद्यापीठीय जीवनाशी त्याची पहिली ओळख होते ती अशी.

रोख रक्कम आणि तिचा हिशेब

शासनाला हा प्रश्न दिसलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात हे ओळखून आदिवासी विकास विभागाने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात राहण्या-जेवण्याची रक्कम जमा करावयाची, अशी ही योजना. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अशाच धर्तीवर आली. स्वयम् योजना आली तेव्हाच्या दरांप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळावयाचे. शेवटच्या रकमेत भोजनासाठी २५ हजार, निवासासाठी १२ हजार आणि निर्वाहासाठी ६ हजार, असा हिशेब होता.

हा हिशेब महिन्यावर आणून पाहावा. निवासासाठी १२ हजार म्हणजे महिना १ हजार रुपये. भोजनासाठी २५ हजार म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला ६८ रुपये. आता हे हजार रुपये घेऊन विद्यार्थी पालघर-बोईसरच्या खोल्यांच्या बाजारात उतरला, असे समजू. तेथे त्याच्याबरोबर कोण कोण उभे आहे? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे परप्रांतीय कामगार आहेत. ते एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि मिळून भाडे भरतात. जिल्हा मुख्यालयात बदलून आलेले कर्मचारी आहेत. त्यांना घरभाडे भत्ता मिळतो. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून मुंबईला रोज नोकरीस जाऊन येथे घर करणारी कुटुंबेही आहेत. खोलीचे भाडे ठरते ते ह्या कमावत्या मंडळींच्या ऐपतीवर. त्यांच्यात न कमावणारा एकटा विद्यार्थीच आहे, आणि पहिल्या वर्षाचा असेल तर घरमालकाला कोणाची ओळख सांगावी हेही त्याला ठाऊक नाही. शिवाय अनुदानाचा हप्ता वेळेवर पडत नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. भाडे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते.

२०१८ मध्ये शासन आणखी एक पाऊल पुढे गेले. आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. त्याच्या विरोधात त्या वर्षीच्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. वरवर पाहता हा मोर्चा चमत्कारिक वाटतो. हातात रोख पैसे मिळत असता कोणी नको म्हणते काय? पाठ्यपुस्तकातील अर्थशास्त्र तर असे सांगते की, वस्तूपेक्षा रोख रक्कम केव्हाही बरी. घेणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य मिळते.

शासनाच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. ठेकेदारांच्या पातळ आमटीबद्दल विद्यार्थी स्वतःच वर्षानुवर्षे ओरडत आले होते. रोख रकमेत मधली गळती थांबते, हा युक्तिवाद खोटा नाही. तरीही रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांना जे कळले होते ते पाठ्यपुस्तकाला कळले नव्हते. शंभर मुलांची खानावळ तांदूळ क्विंटलने विकत घेते. एकटा मुलगा किलोने घेतो. खानावळीचे ताट महागाईबरोबर आपोआप सावरले जाते. भत्त्याचा आकडा मात्र नवा शासननिर्णय निघेपर्यंत जागचा हलत नाही. आणि घरी बाप आजारी आहे असा निरोप आला, तर खात्यातील जेवणाचे पैसे गावी जातात. ताटातील भात गावी पाठविता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला भूक आणि कर्तव्य ह्यांच्यात निवड करावयास लावणे, ह्याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. अमर्त्य सेन ह्यांनी साधन आणि क्षमता ह्यांत जो भेद केला, तो येथे चपखल लागू पडतो. पैसा हे साधन खरे; पण त्यातून शिकण्याची क्षमता निर्माण व्हावयास मधे काहीतरी लागते. ते काहीतरी म्हणजे वसतिगृह.

कोल्हापूर आणि सातारा

हा शोध आजचा नाही. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वसतिगृह ही शाळेइतकीच महत्त्वाची संस्था आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहात गेली. शिष्यवृत्ती वाटून महाराजांना थांबता आले असते. पण खेड्यातला मुलगा शहरात आला तर त्याला जेवू कोण घालणार आणि जातीमुळे त्याला खोली कोण देणार, ह्या प्रश्नाचे उत्तर शिष्यवृत्तीत नव्हते. भाड्याची खोली बाजारात होती. पण ती त्याच्यासाठी नव्हती.

जातवार वसतिगृहांची मर्यादाही एका विद्यार्थ्याच्याच अनुभवातून पुढे आली. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला भेट दिली. त्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९२५ मध्ये सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू झाले, तेही डॉ. आंबेडकरांच्या ह्याच जाणिवेतून. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरचा उदय झाला, तेव्हा मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचे नाव त्या चळवळीशी जोडले गेले. जेथे मुले एकत्र राहतात तेथे केवळ अभ्यास होत नाही. प्रश्नही विचारले जातात.

वसतिगृहाचे हे गुणगान एकांगी होऊ नये. चार भिंतींत प्रेमाइतकीच क्रूरताही नांदू शकते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये छळवणूक-प्रतिबंधक कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केले, ते उगाच नव्हे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरचा वसतिगृहात मृत्यू झाला आणि जातीवरून झालेल्या छळाच्या आरोपाने महाराष्ट्र हादरला. तेव्हा इमारत बांधली की वसतिगृह झाले, असे मानता येणार नाही. जागरूक अधीक्षक, ताटावर देखरेख ठेवणारी विद्यार्थी समिती आणि तक्रार ऐकणारा कान, ह्यांशिवाय ती केवळ निजण्याची जागा होईल.

बाहेर जाण्याचे दार

ह्या सर्व विवेचनाला आता नवी निकड आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमातून मधेच बाहेर पडण्याची सोय झाली. एक वर्ष पूर्ण करून, ठरलेल्या अटी पाळून जो थांबेल त्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी थांबेल त्याला पदविका. हेतू चांगला आहे. केलेले वर्ष वाया जाऊ नये. पण ह्या दाराने बाहेर कोण पडेल? ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे आणि ताटात भात आहे, तो पुढे जाईल. ज्याने पहिले वर्ष फरशीवर काढले, तो प्रमाणपत्र घेऊन थांबेल. पूर्वी अशा मुलाची नोंद गळती म्हणून होत असे आणि निदान कोणाला तरी त्याची लाज वाटत असे. यापुढे त्याची नोंद विद्यार्थ्याने केलेली निवड म्हणून होईल, आणि लाज वाटण्याचे कारणही उरणार नाही.

उपाय काय? सर्वांना पुरतील इतकी वसतिगृहे एका रात्रीत उभी राहणार नाहीत, हे मान्य. पण आहेत त्या जागा वाटण्याची रीत बदलता येईल. प्रचलित पद्धतीत आधीपासून राहणाऱ्या मुलांचे नूतनीकरण प्रथम होते आणि उरलेल्या जागा गुणानुक्रमे नव्यांना मिळतात. म्हणजे शहर ज्याला माहीत झाले आहे त्याच्या हाती खोली आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या हाती, मिळालीच तर, रोख रक्कम. हे नेमके उलट व्हावयास हवे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला खोली आणि ताट मिळण्याची हमी असावी. रोख रकमेचा पर्याय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ठेवावा. तोवर त्यांना वस्ती कळलेली असते, सोबती मिळालेले असतात, चौघांनी मिळून खोली घेणे त्यांना जमते. नव्या मुलांना वाट दाखविण्यासाठी काही ज्येष्ठ विद्यार्थी वसतिगृहात राहिलेच पाहिजेत. म्हणून काही जागा त्यांच्यासाठी राखाव्यात. ज्यांना रक्कम द्यावयाची त्यांच्या रकमेची सांगड महागाईच्या निर्देशांकाशी घालावी, आणि पहिला हप्ता वर्ष सुरू होताच द्यावा. वसतिगृहाच्या याद्या महाविद्यालयाच्या पहिल्या तासाआधी लागाव्यात. ह्यांतील बहुतेक गोष्टींना नव्या इमारतीची गरज नाही, वेळापत्रकाची आहे.

शासनाला चूक दुरुस्त करता येत नाही असे नाही. २०२३ मध्ये खासगी वसतिगृहांच्या भाड्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो, असे निर्णय कर-प्राधिकरणांनी दिले होते. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने, दरमहा २० हजार रुपयांपर्यंत भाडे आणि सलग ९० दिवसांचे वास्तव्य असेल तर असा कर न लावण्याची शिफारस केली. विद्यार्थ्याची खोली म्हणजे हॉटेल नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. आता तिला शाळेइतकीच शिक्षणाची गरज मानणे, एवढेच उरले आहे.

कोळगावकडे पुन्हा वळावे लागते ते ह्यासाठी. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले. ह्या परिसरात पदवीचे शिक्षण ही काही नवी गोष्ट नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयात वारल्याचा मुलगा आज जातो तो दाखल्यासाठी, अर्ज हातात घेऊन. त्याने तेथे अधिकारी म्हणून जावे, असे खरोखरच वाटत असेल, तर नव्या नगराच्या नकाशात मुलांसाठी आणि मुलींसाठी वसतिगृहांच्या जागा दाखवाव्या लागतील, आणि त्या कचेऱ्यांपासून व स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दूर कोपऱ्यात असता कामा नयेत. जूनमध्ये एसटीतून पेटी घेऊन उतरणाऱ्या मुलाला त्या दिवशी संध्याकाळी ती पेटी कोठे ठेवावयाची, हे आधीच ठाऊक असावे. त्याचे पहिले वर्ष तेथून सुरू होते.